बावन्न बिनकामाची फुलं

६ फेब्रुवारी

मास्तर,

नमस्कार. तुमच्या बहिणीनं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून रीतसर कळवतो. आमच्या इमारतीची अर्धी गच्ची मला मिळाली आहे.

कुलपांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हातात घड्याळ धरून कामगारांच्या मागे उभा राहिलो आणि कोणाचा हात कुठे उगीच हलतो ते लिहून घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या अहवालात मी लिहिलं की आता मोजण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा मोजणी विभाग अनावश्यक आहे. वरच्यांनी तो एका दिवसात मंजूर केला. इतक्या लवकर मंजूर झालेला माझा तो एकमेव अहवाल. विभागात मी एकटाच होतो.

त्याला चार महिने झाले. माणसाला काम हवं. गच्चीवर अर्धी कापलेली चार पिंपं ठेवली आहेत. चार पिंपांत लाल भोपळ्याचे चार वेल. वेलाला दोन भोपळे. दर मजल्यावर दोन, अशी आमची आठ बिऱ्हाडं. बाकी शून्य.

इमारतीच्या सभेत मी लेखी हमी दिली आहे. ३० जूनच्या सभेपर्यंत प्रत्येक घरात गच्चीवरचा एक भोपळा, नाही तर पिंपं खाली आणि गच्ची पुन्हा कपडे वाळत घालायला. अट मीच सुचवली. तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी लगेच अनुमोदन दिलं, कारण काढून टाकलेल्या दोऱ्या त्यांच्या होत्या. त्यांना रोज एक पांढरा गणवेश वाळवायचा असतो. तो खिडकीतही वाळतो, हे मी त्यांना वेळेसकट दाखवून दिलं, पण त्यांना पटलं नाही.

तुम्ही शाळेत संस्कृत शिकवता, त्यामुळे या विषयात तुमचा उपयोग होईल असं वाटत नाही. शुभेच्छा चालतील.

तुमचा मेहुणा


१२ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघा देत नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच पोचता करतो.

पत्र एकदा मनात वाचलं आणि एकदा शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. वार्षिक निकालानंही आमच्या शाळेला इतका आनंद झालेला नाही. ‘बाकी शून्य’ या दोन शब्दांवर गणिताचे सर डोळे मिटून बसले, समाधी लागल्यासारखे.

शंका एकच. ही हमी वेलांना कळवली आहे का? कारखान्यातल्या माणसाला निदान कळायचं की आपल्या पाठीमागे घड्याळ उभं आहे, आणि तो हात आवरायचा. भोपळ्याची पाठ कोणती आणि पोट कोणतं हे मला आजवर उमगलेलं नाही. तुम्ही उभे कुठे राहणार?

दुसरी गोष्ट, माझ्या खात्यातली. संस्कृत श्लोकात च, वै, तु, हि अशी इटुकली अक्षरं असतात. अर्थ बेताचा, कधी तोही नाही. चरणात एखादं अक्षर कमी पडलं की कवी त्यांना आत बोलावतो आणि म्हणतो, बसा. ती बसतात. काढून टाकली तर श्लोक लंगडतो. घरादारात माझं स्थान साधारण तेच असल्यामुळे मला त्यांचा फार जिव्हाळा. तुमच्या गच्चीवर अशा जातीचं कोणी उगवलं, तर हात जरा आखडता घ्या.

बाकी या पिंपांना माझा मनापासून पाठिंबा आहे. तुम्ही घरी बसल्यापासून धाकटी भाजी चिरत असली की तुम्ही ओट्याशी घड्याळ घेऊन उभे राहता, असं तिनं लिहिलं होतं. तिच्या हातात सुरी असते, हे तुमच्या नजरेतून सुटलं असावं. तुम्ही गच्चीवर असलेले बरे.

मास्तर


२० मार्च

मास्तर,

पत्र पोचलं. वेलांना काही कळवण्याची गरज नसते, शिस्त लावली की पुरतं. चारही वेल मांडवावर चढले आहेत. किडे, माश्या, मुंगळे यांचा प्रवेश बंद केला आहे. त्यासाठी जुन्या मच्छरदाण्या एकमेकींना शिवून वेलांवर टाकल्या.

मुख्य बातमी फुलांची. चौदा दिवस पाहणी केली. फुलं दोन प्रकारची असतात. एका प्रकारात फुलाच्या मागे सुपारीएवढा गोळा असतो. भोपळा होतो तो त्याचाच. दुसऱ्या प्रकारात काही नाही, नुसता लांब सडपातळ देठ आणि त्यावर मिरवणारं पिवळं फूल. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. फळ शून्य. एकूण त्रेसष्ट फुलांपैकी अशी बावन्न निघाली. म्हणजे पिंपातलं पाणी बावन्न जण बसून पितात आणि राबतात अकरा. कारखान्यातही प्रमाण साधारण हेच होतं. बावन्नही काढून टाकली. यापुढे रोज संध्याकाळी कळी असतानाच काढणार, म्हणजे उमलण्यात शक्ती जायला नको.

इमारतीत एक वाईट उदाहरणही आहे. खाली अंगणातल्या नळापाशी कोणीतरी फेकलेल्या बियांतून भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला आहे. त्याला आळं नाही, मांडव नाही, कोणी वाली नाही. कुंपणावर वाटेल तसा पसरतो, आणि अंगभर तीच बिनकामाची फुलं. तो काढून टाकावा असा अर्ज मी दिला. नर्सबाईंनी हरकत घेतली. अर्ज पडून आहे.

तुमचं च, वै, तु, हि वाचलं. माझ्या मोजणीत ती अक्षरं पहिल्याच दिवशी गेली असती. तुमच्या वर्गात आता नऊच मुलं उरली आहेत असं तुमची बहीण सांगत होती. खरं सांगायचं तर तो तासही गेला असता. राग नसावा. आकड्यांना नातं कळत नाही.

तुमचा मेहुणा


२८ मार्च

प्रिय भावजी,

राग कसला? आकड्यांना नातं कळत नाही हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

तुमचा अहवाल आज शिक्षकांच्या खोलीत गाजला. ‘बावन्न जण बसून पितात’ इथे चहा पिणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फक्त जीवशास्त्राच्या बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “सगळी तोडली?”

मी म्हटलं, “सगळी.”

“आणि वरून मच्छरदाणी?”

“शिवून.”

मग त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी बरंच काही सांगितलं. ते असो. चौदा दिवस पाहणी केलेल्या माणसाला शिकवणारा मी कोण?

नऊ मुलांचा हिशेब अगदी बरोबर आहे. आमच्या नव्या मुख्याध्यापकांनीही तोच मांडला आहे. त्यांनी भिंतीवर सर्व विषयांचा तक्ता लावला असून संस्कृतसमोर लाल टिकली आहे. तास ठेवायचा की नाही ते जूनमध्ये ठरेल. तुम्ही दोघे लहानपणी जत्रेत हरवलेले भाऊ तर नाही ना, असं मला राहून राहून वाटतं.

तेव्हा तुम्ही चालू ठेवा. एकही बसून पिणारा राहू देऊ नका. मी इथे बसून, पीत, पाहतो आहे.

मास्तर


२२ एप्रिल

मास्तर,

थोडक्यात लिहितो. गोळा असलेली जी अकरा फुलं होती त्यांचे गोळे पिवळे पडून गळाले. नंतर आलेली आठही गेली. प्रथम मला हा कामचुकारपणा वाटला. लक्ष वाढवलं. पाणी ठरल्या वेळी, खत ठरल्या वेळी. पानंही कमी केली, कारण ती फार होती. काहीही फरक नाही. आज सकाळी एक गोळा नुसता बोटानं चाचपला, तर हातात आला. मऊ होता.

काल जिन्यात नर्सबाई म्हणाल्या, “दोऱ्या कधी बांधायच्या ते आधी सांगा, म्हणजे खिळे आणून ठेवते.” मी वेळ सांगू शकलो नाही.

मास्तर, एक विचारायचं होतं. तुमच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई आहेत असं तुम्ही लिहिलं होतं. त्यांना विचाराल का, माझं काय चुकतं आहे? कोणाला काही विचारायची मला सवय नाही, त्यामुळे नीट विचारलं गेलं नसेल तर समजून घ्या. एकोणसत्तर दिवस उरले आहेत.

तुमचा मेहुणा


२७ एप्रिल

प्रिय भावजी,

बाई सध्या परीक्षेच्या पेपरांत गळ्यापर्यंत बुडाल्या आहेत. भेटल्या की विचारतो.

तोवर माझं एक अनुमान. वेलांनी तुमचे अहवाल वाचले असावेत. रोज एवढ्या बारकाईनं मोजमाप होतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःचीही पाहणी केली असेल आणि आपणच अनावश्यक आहोत अशा निर्णयाला आले असतील. असं करणारं आपल्या घरात आधीच एक उदाहरण आहे, तेव्हा वेलांना फार दोष देऊ नये.

नर्सबाईंना सांगा, खिळे चांगले दोन इंची आणा. ओला गणवेश जड असतो.

मास्तर


३ मे

दादा,

यांना न सांगता लिहिते आहे.

तुझं मागचं पत्र यांनी वाचलं, घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. चार दिवस झाले, गच्चीवर गेलेले नाहीत. पाणी मी घालते, कळ्याही यांच्या नियमानं मीच तोडते. घड्याळ खणात आहे. काल मीच भाजी चिरताना म्हटलं, बघा तरी किती मिनिटं लागतात, तर म्हणाले, “लागू देत.” बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि सुरी बाजूला ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले. दादा, हा माणूस मला वीट आणतो. पण असा गप्प बसलेला मला नको आहे. ती गच्ची गेली की ते खाली येऊन त्या खुर्चीत बसतील आणि मग उठणार नाहीत, हे मला दिसतं आहे.

आता तू मला सांग. मार्चच्या पत्रात तूच लिहिलं आहेस की त्या बाईंनी कप खाली ठेवला, “सगळी तोडली?” असं विचारलं आणि तुला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. काय सांगितलं? आणि तुला ते आधीच सांगितलेलं असताना आता त्या भेटल्या की काय विचारणार आहेस? तुझी पत्रं मी जपून ठेवते, तुला ठाऊक नसेल. लहानपणी बाबांची दौत फुटली तेव्हाही तू असाच छान छान बोलत होतास.

यांनी तुझ्या नऊ मुलांना बोट लावलं, त्यावरून मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले आहे. तू मात्र महिनाभर त्यांचे गळालेले भोपळे शिक्षकांना वाटत बसलास. चहाबरोबर. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी काही विचारलं, ते तुला.

उत्तर दे. त्यांना दे, मला नको. आणि तुझं ते शहाणपण पाकिटाबाहेर ठेव.

धाकटी


६ मे

भावजी,

या पत्रात गंमत नाही, शोधू नका.

जीवशास्त्राच्या बाईंनी मला २८ मार्चलाच सगळं सांगितलं होतं. त्या पेपरांत बुडालेल्या नव्हत्या, ते मी खोटं लिहिलं. माझा तास तुम्ही अनावश्यक म्हणालात ते मला लागलं होतं. पण म्हणून मी गप्प बसलो ते योग्य ठरत नाही.

आता काम. लांब देठाची ती बावन्न फुलं नर होती. त्यांच्या मधोमध पिवळी पूड असते, तिला पराग म्हणतात. ती पूड गोळा असलेल्या फुलाला लागली तरच गोळ्याचा भोपळा होतो. नाही लागली तर गोळा पिवळा पडून गळतो. पूड इकडून तिकडे नेण्याचं काम मधमाश्या करतात. त्यांना तुम्ही मच्छरदाणीबाहेर ठेवलं आहे.

ती आजच काढा. कळ्या तोडणं थांबवा. सकाळी आठच्या आत ताजं उमललेलं नर फूल देठासकट घ्या, पाकळ्या फाडून टाका, आणि मधला पिवळा दांडा गोळेवाल्या फुलाच्या मध्यभागी हलक्या हातानं फिरवा. चोळू नका. बस, एवढंच आहे.

अडचण एक. तुमच्या वेलांवर आता नर फूल असणार नाही, नवी यायला आठवडा तरी जाईल, आणि भोपळा पिकायला पंचेचाळीस-पन्नास दिवस लागतात. थांबायला वेळ नाही. तुमच्या इमारतीत नर फुलं एकाच ठिकाणी आहेत, नळापाशी, ज्या वेलाविरुद्ध तुमचा अर्ज आहे त्यावर. ती नर्सबाईंकडे मागावी लागतील. कोणाकडे काही मागताना कसं बोलावं हे सांगायचा मला आता अधिकार नाही. तुम्ही माझ्याकडे मागितलं होतं ते नीट मागितलं होतं. तसंच मागा.

माझ्या तासाचं अजून ठरलेलं नाही.

मास्तर


१ जुलै

मास्तर,

सभा काल झाली. अहवाल देतो.

तुमचं पत्र ९ मे रोजी मिळालं. वाचून खाली गेलो. दारापाशी किती वेळ उभा होतो ते मोजलेलं नाही. नर्सबाई गणवेशाला बटण लावत होत्या.

मी म्हटलं, “फुलं हवी होती.”

“कसली?”

“नळापाशच्या वेलाची.”

“तो वेल काढायचा अर्ज कोणाचा आहे?”

“माझा.”

“आणि त्यावरची फुलं कुठली हवीत?”

“बिनकामाची.”

त्यांनी दातानं दोरा तोडला. म्हणाल्या, “अर्ज मागे घ्या, मग बोलू.” जिन्यातच भिंतीवर कागद धरून लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या स्वतःच फुलं घेऊन वर आल्या. मी ते फूल हातोडीसारखं धरतो, असं त्यांचं मत पडलं. त्यांचा हात इंजेक्शनं देणारा आहे, हलका. मच्छरदाणीही त्यांनीच ओढून काढली. भोपळ्यांना हिवताप होऊ नये म्हणून या गृहस्थांनी बांधली होती, असं त्यांनी तुमच्या बहिणीला सांगितलं आणि दोघी हसल्या. नंतर त्या सोळा दिवस रोज येत होत्या. एका सकाळी मी घड्याळ काढलं, एका फुलाला किती वेळ लागतो तेवढं पाहावं म्हणून. त्या मागे न बघताच म्हणाल्या, “ते खाली ठेवून या.” ठेवून आलो.

निष्पत्ती अशी. सहा गोळ्यांना पूड लावली. तीन धरले. त्यांतले दोन नंतर गळाले. भोपळा एक. नळापाशच्या वेलाला, ज्याला मी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याला चार.

सभेत मी उभं राहून सांगितलं की हमी आठांची होती, एकच हातात आहे, तेव्हा पिंपं उद्या उतरवतो. चिटणीस “बरं” म्हणून लिहायलाही लागले. नर्सबाई म्हणाल्या, “उतरवताय कशाला? दोऱ्या मांडवाच्या वर बांधू, वेल त्यांच्या खाली राहू देत. माझा गणवेश काही भोपळे खात नाही.” मग चिटणिसांनी लिहिलेलं खोडलं. ठराव मंजूर. माझ्या शेवटच्या अहवालापेक्षाही लवकर.

आता तुमच्याबद्दल. तुमची चारही पत्रं तुमच्या बहिणीकडून घेऊन मोजली. कामाच्या ओळी एकूण अकरा, सगळ्या शेवटच्या पत्रात. उरलेल्या सर्व लांब देठाच्या. माझ्या जुन्या पद्धतीनं निष्कर्ष स्पष्ट होता आणि मी तो लिहूनही ठेवला होता. तुमच्या बहिणीनं तो वाचला. म्हणाली, कोण्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला ही ओळ या सगळ्यांत बिनकामाची आहे ना? ती दादानं लिहिली नसती तर मला काही कळलं नसतं, आणि या अकरा ओळी कधी आल्या नसत्या.

निष्कर्ष खोडला. शिफारस: कायम ठेवावे.

तुमच्या मुख्याध्यापकांना आकडे लागत असतील तर त्यांना माझा पत्ता द्या. त्रेसष्टपैकी बावन्न काढल्यावर काय होतं याचे तयार आकडे माझ्याइतके दुसऱ्या कोणाजवळ नसतील. गळालेले एकोणीस गोळे तारीखवार नोंदवलेले आहेत.

२८ मार्च ते ६ मे, एकोणचाळीस दिवस. तेही मोजलेले आहेत. त्याबद्दलचा निर्णय राखून ठेवला आहे.

भोपळा सभेतच कापला. आठ बिऱ्हाडं होती, पण मी तुकडे नऊ केले. नववा तुमचा होता. तो मी खाल्ला.

तुमचा मेहुणा